उलटा कंगवा



विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला तीन फोन आले. तिघांचाही प्रश्न एकच: "सर, पत्रिकेत छपाईची चूक झालीय का?" चूक नाही. 'उलटा कंगवा' असंच आम्ही कळवलं होतं. केस दाट दिसावेत म्हणून पार्लरमध्ये जे बॅककोंबिंग करतात, ज्याला तुमच्या घरातल्या मुली पफ म्हणतात आणि आमच्या पिढीत ज्याला फुगा म्हणत, त्यावर आज बोलायचं आहे. गेल्या वर्षी याच मंचावरून आम्ही आत्म्यावर बोललो, तेव्हा दुसऱ्या रांगेतले दोघे गाढ झोपले होते. केसांवर कोणी झोपेल असं वाटत नाही. केसांविषयी प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं असतं, ज्यांचे गेलेत त्यांना तर जास्तच. (हशा)

निमित्त असं झालं. गेल्या माघात आमच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या नातीचं लग्न भुगावच्या एका लॉन्सवर झालं. मुलगी हिंजवडीत नोकरी करते. पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. त्यातून उठली, पण दिवाळीच्या सुमारास केस मुठीमुठीने गळायला लागले. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि बहुतेकांचे केस परत येतात, हे डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. पण लग्नाची तारीख काही केसांना विचारून काढलेली नव्हती. हळदीला आलेली प्रत्येक बाई तिच्या डोक्याकडे बघून म्हणायची, "केवढे केस होते गं हिचे!" ग्रीकांमध्ये युबुलिडीस नावाचा एक तर्कपंडित होऊन गेला. एकेक केस काढत गेलं तर नेमका कितवा केस गेल्यावर माणसाला टकला म्हणायचं, असा त्याचा पेच आहे. तो आम्ही तीस वर्षं वर्गात शिकवला, सोडवता कधी आला नाही. हळदीच्या बायकांना त्यात काही पेच दिसत नव्हता.

लग्नाच्या दिवशी पहाटे पाचला पिरंगुटहून पार्लरवाली मुलगी आली. आमचा गुडघा दुखतो म्हणून आम्हाला वधूच्या खोलीत दाराजवळच खुर्ची दिलेली होती, त्यामुळे सगळा प्रकार नीट बघता आला. आधी तिने मशीनने केसांना बारीक नागमोडी वळणं पाडून घेतली, त्याला क्रिम्पिंग म्हणतात. मग टाळूवरचा एक पातळ थर उचलला, ताठ वर धरला, आणि शेपटीचा कंगवा टोकाकडून मुळाकडे, म्हणजे उलटा, दाबत आणला. एकदा, दोनदा, चारदा. मुळाशी केसांची गादी बसली. त्यावर स्प्रे. मग पुढचा थर. पाच-सहा थर झाल्यावर नवरीने आरशात पाहिलं आणि ती घाबरलीच, सगळं डोकं जोगतिणीसारखं पिंजारलेलं. "ताई, अजून झालेलं नाहीये, बघू नका," पार्लरवाली म्हणाली. कपाळावरचा एक थर तिने मुद्दाम विंचरून, पिनेने बाजूला अडकवून ठेवला होता. तो या सगळ्या रानावरून मागे घेतला, वरच्या वर ब्रश फिरवला. मग काळ्या पिना, यू पिना, मागे आत डोनट घालून खोपा, खोप्यावर मोत्यांची जाळी, गजरा. गुंता सगळा आत आणि वर गुळगुळीत पापुद्रा.

हे टिकतं कसं? एक प्रयोग करा. ज्यांना परवडत असेल त्यांनी डोक्यातला एक केस काढा. (हशा) अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं केसाच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे चोळा. केस एकाच बाजूला सरकत जाईल. ज्या बाजूला सरकतो, तिकडे त्याचं मूळ. केसावर खवले असतात, घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले, आणि सगळ्यांची सुटी कड टोकाकडे असते. मुळाकडून टोकाकडे बोट फिरवलं तर सुळकन जातं, उलट फिरवलं की अडतं. उलट्या कंगव्याने केस मुळाशी लोटले जातात, दुमडतात, एकमेकांत अडकून राहतात. लोकरीचा नमदा होतो तोही याच गुणावर, फक्त त्याला ओल, ऊब आणि रगडणं लागतं. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. उलट्या कंगव्याने त्यात एकाचीही भर पडत नाही. भर पडते ती हवेची.

तेवढ्यात मुलीचे एक मामा दारातून डोकावले आणि म्हणाले, "चाललीय का फसवाफसवी?" खोलीतले सगळे हसले. नवरी हसली नाही. आम्हीही दचकलो, कारण हे वाक्य मुळात आमचं होतं.

१९६९ सालची गोष्ट. आम्ही कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पुण्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. सिनेमात साधना, आशा पारेख, शर्मिला टागोर. 'अ‍ॅन इव्हनिंग इन पॅरिस' दोन वर्षांपूर्वीच येऊन गेला होता, आणि त्यातले केस बघून आलेल्या मुलींनी घरोघरच्या फण्या उलट्या धरल्या होत्या. त्यात पुण्याच्या मुलींनी काही नवा अपराध शोधून काढला होता असं नाही. १९६० साली शिकागोच्या मार्गारेट विन्ची हेल्ट या केशरचनाकार बाईंनी डोक्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी उंच रचना करून दाखवली, तिला बीहाइव म्हणतात. त्याआधी दोनशे वर्षं फ्रान्सच्या दरबारात मारी आंत्वानेत राणीच्या डोक्यावर याहून मोठे मनोरे चढत होते. पण ते राहू द्या.

आक्काचे केस मुळात पातळ. तिला बघायला मंडळी येणार होती. अर्धा तास आरशासमोर उभी राहून तिने फुगा काढला, आत गुंतवळाचा गोळा भरला. गुंतवळ हा शब्द आताच्या मुलांना सांगावा लागतो. विंचरताना फणीत येणारे केस गुंडाळून बायका भिंतीच्या फटीत ठेवायच्या. त्याचं गंगावन करून घ्यायच्या, नाहीतर 'केसांवर फुगे' ओरडत येणाऱ्याला देऊन पोरांसाठी फुगा घ्यायच्या. म्हणजे गुंतवळाचा कसाही फुगाच होत होता. (हशा) तर पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई म्हणाली, "केस छान आहेत हो मुलीचे." आणि आम्ही, दुसऱ्या वर्षाचे तत्त्वज्ञ, म्हणालो, "ते केस नाहीत काकू, ती हवा आहे. सगळी फसवाफसवी."

मंडळी हसली. आक्का कप उचलून आत गेली. ते स्थळ पुढे सरकलं नाही. आमच्या वाक्यामुळेच असं आम्ही म्हणत नाही, देण्याघेण्यावरूनही फिसकटलं असेल. पण त्यानंतर आक्काने फुगा कधी काढला नाही. पुढे तिचं लग्न चांगलं झालं, त्या लग्नातसुद्धा केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले. तो फोटो आमच्याकडे आहे. विशेष म्हणजे त्या दिवसांत आमच्या कपाळावर देव आनंदसारखा कोंबडा होता, ब्रिलक्रीम थापून उभा केलेला. त्याला कोणी असत्य म्हणालं नव्हतं.

पुढे शिकत गेलो तसे त्या वाक्याच्या बाजूने फार मोठे साक्षीदार मिळत गेले. पहिला प्लेटो. 'गॉर्गियस' या संवादात सॉक्रेटिस साजशृंगाराला खुशामतीच्या वर्गात बसवतो. शरीराचं खरं सौंदर्य व्यायामाने येतं. रंगाने, तुळतुळीतपणाने, वस्त्राने येतं ते उसनं. म्हणजे शृंगार ही व्यायामविद्येची तोतयी. पुण्याला तोतयांचा इतिहास आहेच, त्यामुळे आम्हाला हे लगेच पटलं. आज पटत नाही. डेंग्यूने गेलेले केस कुठल्या तालमीत परत मिळतात? आणि पहाटे पाचपासून दोन तास उभं राहून, कुठला थर गुंतवायचा आणि कुठला राखायचा याचा हिशेब डोक्यात ठेवून काम करणाऱ्या त्या मुलीला खुशामतखोर म्हणायचं? प्लेटोने कधी कोणाचे केस विंचरले असावेत असं वाटत नाही.

दुसरा साक्षीदार कांट, आणि त्याचं म्हणणं अधिक अवघड आहे. १७९० साली आलेल्या त्याच्या सौंदर्यविषयक ग्रंथात एक गोष्ट आहे. उन्हाळ्यातली शांत चांदणी रात्र, आणि झुडपात नाइटिंगेल गातोय. पाहुणे रंगून ऐकताहेत. वस्तुस्थिती अशी की पक्षी तिथे नाहीच. खानावळवाल्याने एका खट्याळ पोराला झुडपात दडवलंय आणि तो पोरगा वेळूची शीळ तोंडात धरून आवाज काढतोय. हे कळलं की मग ते गाणं कोणाला ऐकवत नाही, असं कांट म्हणतो. आवाज तोच आहे, तरी मजा गेली. कारण आपण आवाजावर भुललेलो नव्हतो, तो निसर्गाचा आहे या समजुतीवर भुललो होतो. आता प्रश्न असा, की नवरीचा पफ म्हणजे झुडपात दडवलेला पोरगा आहे का?

आमचं उत्तर: लॉन्सवर नाही, कांदेपोह्यांच्या खोलीत कदाचित हो. लॉन्सवर जमलेल्या पाचशे माणसांपैकी एकालाही ते केस सकाळी उठल्यावर तसेच असतात असं वाटत नव्हतं. जे दोन्हीकडच्यांना ठाऊक आहे, त्याला फसवणूक कशी म्हणायची? बालगंधर्व रंगभूमीवर भामिनी होऊन, रुक्मिणी होऊन येत, तेव्हा हे नारायण श्रीपाद राजहंस आहेत हे पहिल्या रांगेपासून पिटापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी घरंदाज बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसत, त्यांच्यासारखं फूल माळत. इथे झुडपातला पोरगा बाहेर येऊन, नमस्कार करून, मग गातोय. कांटला हे उदाहरण मिळालं असतं तर त्याने काय केलं असतं, याची आम्हाला फार उत्सुकता आहे.

कांदेपोह्यांची खोली मात्र रंगभूमी नाही. तिथे पारख चालते. दुधाचं, बैलाचं, जमिनीचं चालतं तसं. तिथे आक्का काहीतरी लपवत होती हे खरंच आहे. पण आज आम्हाला असं दिसतं की आम्ही त्या दिवशी जे केलं, ते सत्यासाठी केलेलं नव्हतं. केसांच्या दाटपणावर मुलीची किंमत ठरवणं योग्य की अयोग्य, हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. पारख करणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसलो आणि माल हलका आहे एवढं सांगितलं. सत्य सांगायचंच होतं, तर मुलाच्या आईला सांगण्यासारखं बरंच होतं.

बरं, लग्नात फुगवलेलं तेवढं केसच होते का? या तालुक्याने १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे उभं राहून, टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह केला. त्याच तालुक्यात गेल्या तीस वर्षांत जमिनी गुंठ्यागुंठ्याने गेल्या. ती कथा 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटात तुम्ही २०१८ साली पाहिलीच आहे, आणि काहींनी घरातच पाहिली आहे. त्या पैशातून कमानी उभ्या राहिल्या, ड्रोन उडाले, स्वागताच्या याद्या तासभर वाचल्या गेल्या. कमानीला कोणी फसवाफसवी म्हणत नाही. मामांनाही नवरीचा पफ दिसला, स्वतःच्या नावापुढे छापलेलं 'उद्योजक' दिसलं नाही. (हशा, टाळ्या) टाळ्या नकोत, मामा आमचे नातेवाईक आहेत.

आता नेमकी उलटी बाजू घ्या. आत्तापर्यंत आपण असं धरून चाललो, की नैसर्गिक ते खरं आणि हाताने केलेलं ते खोटं. हे धरणंच आम्हाला तपासायचं आहे. त्यासाठी दुसरा एक गुंता बघू, जो कोणी कंगव्याने केलेला नसतो.

केस बरेच दिवस विंचरले नाहीत, त्यात घाम, तेल, धूळ साठली, की खवल्यांत खवले अडकत जातात आणि हळूहळू जट तयार होते. यामागचं कारण आणि पफामागचं कारण एकच आहे. कंगवा उलटा फिरवून जे पाच मिनिटांत होतं, ते इथे महिनोन्‌महिने आपोआप होतं. अमरकोशात अंबाड्याचे शब्द आणि जटा शेजारीशेजारी बसवलेले आहेत. फक्त जटा ही व्रतस्थाची, एवढं कोशकार नोंदवतो. पण आपल्याकडे जट येते ती व्रत घेतलेल्याला नव्हे. ती येते दिवसभर राबणाऱ्या बाईला, आजारातून उठलेल्या बाईला, न्हायला पाणी आणि वेळ नसलेल्या बाईला. आणि आली की कोणीतरी सांगतं, ही यल्लमाची, देवीचं बोलावणं आलं, कात्री लावशील तर घरात कोणी दगावेल. मग ती बाई ते ओझं वीस-वीस वर्षं वागवते. मान अवघडते, उशीवर डोकं टेकवता येत नाही, आत उवा आणि जखमा होतात. अशा जटेच्या खुणेवरून लहान मुली सौंदत्तीच्या देवीला सोडल्या गेल्या. देवदासी प्रथेविरुद्ध महाराष्ट्राने २००५ साली नव्याने कायदा केला, तोवर सोडल्या गेलेल्यांचं आयुष्य संपत आलेलं होतं.

बघा, ही जट शंभर टक्के नैसर्गिक आहे. स्प्रे नाही, डोनट नाही, पिना नाहीत. प्लेटोला आणि कांटला तिच्याविरुद्ध काहीच बोलता येणार नाही. आणि तरीही डोक्यावर वागवलेलं एवढं मोठं असत्य आम्हाला दुसरं माहीत नाही. केस खोटे नाहीत, त्यांच्यावर लादलेला अर्थ खोटा आहे.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा कापल्या आहेत. त्यांचा मूळ व्यवसाय ब्यूटी पार्लरचा. हे आम्हाला कळलं तेव्हा मोठा आनंद झाला. तत्त्वज्ञानाच्या कुठल्या विभागातून कोणी उठून हे काम केलं नाही. केसांना हात लावायची ज्यांना सवय होती, गुंता हा गुंताच असतो हे ज्यांच्या बोटांना माहीत होतं, त्या पुढे झाल्या. कात्री चालवायला दोन मिनिटं लागतात, पण त्याआधी त्या बाईची, तिच्या सासूची, नवऱ्याची भीती काढायला कित्येक फेऱ्या माराव्या लागतात.

म्हणून आम्ही आता नैसर्गिक-कृत्रिम हा भेदच बाजूला ठेवतो. आमचा प्रश्न वेगळा आहे: जिच्या डोक्यावर तो गुंता आहे, तिला तो सोडवता येतो का? पफ दुसऱ्या दिवशी उतरतो. जट उतरवायची म्हटलं की गाव आडवं येतं. या कसोटीवर १९६९ सालचा आक्काचा फुगा निर्दोष ठरतो आणि आमचा टोमणा दोषी ठरतो, कारण तो टोमणा तिला पुढे कधीच उतरवता आला नाही.

पण ही कसोटी पुरती पडत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. नात आम्हाला म्हणाली, "आजोबा, मला खरं तर साधा अंबाडाच हवा होता. पण फोटोत डोकं चपटं दिसतं म्हणे." म्हणजे पफ सकाळी उतरतो, फोटोतला उतरत नाही. आणि पुढच्या मुलीला तो फोटो दाखवून विचारतात, असा करायचा ना? प्रत्येक नवरीने केलाच पाहिजे असं झालं, तर तो सोडवता येतो असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? शिवाय उलट्या कंगव्याने केसांचे खवले उचकटतात, केस तुटतात, आणि आजारातून आलेले नाजूक केस तर लवकर तुटतात. तिच्या डोक्यावर जे थोडे नवे केस येत होते, त्यातलेही काही त्या दिवशी गेले असणार. पार्लरवालीने हे तिला आधी सांगितलं होतं, हे नोंदवतो. आमच्या ओळखीच्या कित्येक विद्वानांपेक्षा ती अधिक प्रामाणिक निघाली.

दुसऱ्या दिवशी सासरी, पौडजवळच्या घरी, सत्यनारायण होता. सकाळी नवरी केस सोडायला बसली तर फणी आत शिरेना. स्प्रेने सगळं कडक झालेलं. ती रडकुंडीला आली, कात्री मागायला लागली. सासूबाई शेतावर राबलेल्या, आंबेमोहोर लावणाऱ्या बाई. त्यांनी आयुष्यात पफ काढलेला नाही. त्यांनी खोबरेल कोमट करून आणलं, तिला पायरीवर बसवलं आणि टोकाकडून सुरुवात केली. आधी शेवटचं बोटभर सोडवायचं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. मुळाशी एकदम हात घालायचा नाही. पाऊण तास लागला. गुरुजी ताटकळले. केसांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, पातळ म्हणून नाही, दाट म्हणून नाही. निघालेला गुंतवळ कागदात गुंडाळून त्यांनी कोनाड्यात ठेवला.

हे सगळं नातीने फोनवर आक्काला सांगितलं आणि आक्काने आम्हाला. तेव्हा आम्ही धीर करून १९६९ सालचा विषय काढला. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा. आक्का आता अठ्ठ्याहत्तरची आहे. ती म्हणाली, "मला नाही बाई आठवत." मग थोडं थांबून म्हणाली, "तेव्हा गुंतवळ कमी पडला होता. शेजारच्या काकूंकडून मागून आणला होता मी."

घंटा झालेली आहे. पहिल्या रांगेतल्या ताईंचा हात मघापासून वर आहे, त्यांना आधी माइक द्या.